मांजर दिसलं की सुटणारा कुत्रा: नव्या पालकांनी कुठून सुरुवात करावी

मांजर दिसताक्षणी कुत्र्यात काय बदल होतो ते एकदा नीट बघा. डोकं वर उठतं, कान पुढे येतात, उघडं तोंड मिटतं. अंगातली सगळी हालचाल थांबते. मग मांजर हलतं आणि कुत्रा सुटतो. बहुतेक जण हाक मारायला लागतात ते या क्षणी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. धावत्या कुत्र्याला काही शिकवता येत नाही. शिकवता येतं ते त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत, जेव्हा त्याने मांजर पाहिलेलं असतं पण धाव घेतलेली नसते. पुढे लिहिलेलं सगळं काम त्या दोन-तीन सेकंदांभोवती फिरतं.

तो धावतो का

कुत्र्या-मांजराचं वैर असं आपण सहज बोलून जातो, पण या धावण्यात वैराचा भाग थोडाच असतो. शिकारी प्राण्याचं वागणं साखळीसारखं चालतं. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने कुत्र्यांमधली ही साखळी फार छान उलगडून दाखवली आहे: हेरणं, टक लावणं, दबा धरत सरकणं, पाठलाग, पकडणारा चावा, मारणारा चावा, फाडणं आणि खाणं. माणसाने आपल्या कामासाठी कुत्र्यांची पैदास करताना यातल्या काही कड्या ठळक केल्या, काही पुसट केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत टक आणि दबा प्रखर असतो, चावा दबलेला असतो. उंदीर-घुशी मारण्यासाठी वाढवलेल्या टेरियरमध्ये मारणारा चावाही शाबूत असतो. ग्रेहाउंड नजरेने शिकार करतो, त्यामुळे दूरवर काही हललं तरी त्याचं अंग ताणलं जातं. जातीवरून अंदाज बांधता येतो, एवढंच. तुमच्या कुत्र्यात कोणती कडी जोरकस आहे ते त्याच्याकडे बघूनच कळेल.

या साखळीचा पोटाच्या भुकेशी फारसा संबंध नसतो. भरपेट जेवलेला कुत्राही तेवढ्याच जोराने धावतो, कारण त्याला धावण्यातच सुख मिळतं. मांजर हाती लागलं नाही तरी बक्षीस मिळालेलं असतं. ज्या कृतीच्या शेवटी समाधान मिळतं ती प्राणी पुन्हा करतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे त्यांचे ते प्रयोग पेटीत कोंडलेल्या मांजरांवरच होते. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. प्रत्येक पाठलाग हा कुत्र्यासाठी एक धडा असतो आणि तो धडा आपल्या विरुद्ध दिशेचा असतो. आठवडाभर कष्ट केले आणि रविवारी दार उघडं राहून मनसोक्त पाठलाग झाला, तर आठवड्याचं बरंचसं काम वाहून जातं.

पहिली पायरी: पाठलाग घडूच द्यायचा नाही

म्हणून शिकवणी सुरू करण्याआधी घर लावून घ्या. मांजर घरात असेल किंवा येणार असेल, तर एक खोली पूर्णपणे त्याची. त्याचं खाणं, पाणी, झोपायची जागा, लपायला खोका आणि लिटर ट्रे तिथे. ट्रेचं महत्त्व अनेकांच्या लक्षात येत नाही. ट्रेवर बसलेल्या मांजराला कुत्र्याने एकदा घाबरवलं, तर ते ट्रे सोडून भलतीकडे घाण करायला लागतं. शिवाय कुत्र्यांना मांजराची विष्ठा खायची सवय लागते, ती वेगळीच डोकेदुखी.

बाकीच्या खोल्यांतही कुत्र्याचं तोंड पोहोचणार नाही अशी एकेक उंच जागा ठेवा आणि तिथून दुसरीकडे निसटायची वाटही ठेवा. वाट नसलेली उंच जागा म्हणजे मांजरासाठी सापळा. दारांना लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक उपयोगी पडतं. उडी मारणारा कुत्रा असेल तर दोन फाटकं एकावर एक लावा किंवा सरळ दार बंद ठेवा.

तुम्ही समोर असताना कुत्रा घरातही हलक्या, लांब पट्ट्यावर असू द्या. पट्टा छातीच्या हार्नेसला अडकवा, कारण सुटता सुटता गळपट्ट्याला हिसका बसला तर मानेला इजा होते. तुम्ही घरात नसाल किंवा झोपला असाल, तेव्हा कुत्रा एका खोलीत, मांजर दुसऱ्या, मध्ये बंद दार. हा नियम काही महिने पाळायचा आहे. सगळं छान चाललंय असं वाटायला लागतं तेव्हा तो सर्वात आधी मोडला जातो, म्हणून आताच सांगून ठेवते.

मांजराच्या नख्यांची टोकंही कापून ठेवा. कुत्र्याच्या डोळ्यावर पंजा बसला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा फाटू शकतो.

दुसरी पायरी: मांजर जवळ नसताना तयारी

शांत खोली, कुत्रा, तुम्ही आणि खाऊ. खाऊ रोजच्या जेवणातला नको. त्याला वेड लावेल असा हवा आणि वाटाण्याएवढ्या तुकड्यांत हवा, म्हणजे वीस-तीस तुकडे देऊनही पोट भरणार नाही. मीठ-कांदा न घालता उकडलेलं चिकन बहुतेक कुत्र्यांना पुरतं. हा खाऊ फक्त मांजराच्या शिकवणीसाठी राखून ठेवा.

आधी एक खुणेचा शब्द पक्का करा. मी "येस" वापरते, कारण तो छोटा आहे आणि बोलण्यात एरवी येत नाही. "येस" म्हणा, लगेच तुकडा द्या. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. दोन-तीन दिवसांत "येस" ऐकताच कुत्रा तुमच्या हाताकडे बघायला लागेल. आता तुमच्याकडे एक कॅमेरा आहे असं समजा: ज्या क्षणी "येस" म्हणाल त्या क्षणीचं वागणं कुत्र्याच्या डोक्यात टिपलं जातं.

मग नावाला वळणं. नाव घ्यायचं, त्याने बघितलं की "येस" आणि खाऊ. न बघितल्यास नाव पुन्हा पुन्हा घेऊ नका. पाच वेळा हाक मारली तर पाचव्या हाकेलाच बघायचं असतं असं तो शिकतो. थोडं जवळ जाऊन पुन्हा एकदाच घ्या.

"सोड" हा शब्द मुठीतून शिकवता येतो. मुठीत तुकडा ठेवा, त्याला चाटू द्या, ओरबाडू द्या, काही बोलू नका. तो क्षणभर तोंड मागे घेईल. "येस", आणि दुसऱ्या हातातून वेगळा तुकडा. मुठीतला तुकडा त्याला कधीच मिळत नाही. हे पक्कं झालं की तुकडा जमिनीवर, मग सरपटणारं खेळणं. शब्द म्हणायला सुरुवात करा ती कुत्रा आपणहून मागे व्हायला लागल्यावर.

याशिवाय सतरंजीवर किंवा चटईवर जाऊन पडून राहणं शिकवा. हे पुढे सर्वात जास्त कामी येतं, तरी बहुतेक जण ते टाळतात, कारण त्यात दिसण्यासारखं काही नाही. चटईवर पाय ठेवला की खाऊ, बसला की खाऊ, आडवा झाला की तीन-चार तुकडे त्याच्या पंजांमध्ये. रोज पाच मिनिटं. हळूहळू तुकड्यांमधलं अंतर वाढवा.

तिसरी पायरी: आधी वास, मग दर्शन

मांजराच्या गालांजवळ गंधग्रंथी असतात. एक मऊ कापड त्याच्या गालांवरून फिरवा आणि कुत्र्याच्या खोलीत ठेवा. कुत्र्याने हुंगलं, मान वळवली, तर शांतपणे खाऊ. कुत्र्याचं अंथरुणही मांजराच्या खोलीत ठेवा, पण त्याच्या खाण्यापासून दूर. दोन-तीन दिवसांनी कुत्रा फिरायला गेला असताना मांजराला घरभर फिरू द्या.

कापड हुंगून कुत्रा सोडून देत असेल तर उत्तम. पण तो कापडापाशीच अडकून राहिला, कण्हायला लागला, दाराच्या फटीला नाक लावून तासन्‌तास उभा राहिला, तर पुढची पायरी लांबणीवर टाका. ही पायरी त्या कुत्र्यासाठी आठवडाभर चालली तरी चालेल.

चौथी पायरी: लांबून बघणं

इथे सर्वात जास्त वेळ द्या.

तुमच्या हातातलं मुख्य हत्यार अंतर आहे. प्रत्येक कुत्र्याची एक रेष असते. रेषेच्या पलीकडे मांजर असलं तर तो बघतो, पण विचार करू शकतो. रेषेच्या अलीकडे आलं की विचार संपतो. ही रेष कुणासाठी तीन मीटरवर असते, कुणासाठी तीस. ती शोधायची साधी पद्धत म्हणजे खाऊ. मांजर दिसत असताना कुत्रा तुकडा हळुवार ओठांनी घेतो? तुम्ही योग्य ठिकाणी आहात. तुकडा झडप घालून, बोटांना दात लावत घेतो? रेषेवर आहात, दोन पावलं मागे या. आवडता खाऊ नाकासमोर असूनही दिसत नाही? रेष ओलांडली आहे. तेव्हा काहीही शिकवू नका, वळा आणि अंतर वाढवा.

घरात अंतर कमी पडत असेल तर फाटकावर चादर टाकून तिचा थोडासाच भाग उघडा ठेवा. पलीकडे दुसरी कुणी व्यक्ती मांजराला त्याच्या आवडीचं खाऊ घालत बसलेली असावी. मांजराला बांधून, धरून किंवा पिंजऱ्यात ठेवून हे करू नका. त्याला निघून जाता आलंच पाहिजे.

आता खेळ. कुत्रा मांजराकडे बघतो. बघताक्षणी "येस". तो तुमच्याकडे वळतो, खाऊ. परत बघतो, "येस", खाऊ. इतकंच. पुष्कळ जण इथे अडखळतात: मांजराकडे बघण्याबद्दल बक्षीस देणं उलटं नाही का? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण बघणं हा गुन्हा नाही, बघितल्याशिवाय कुत्रा राहणारच नाही. आपल्याला बघणं आणि धावणं यांच्यामध्ये एक नवी कडी बसवायची आहे: मांजर दिसलं की माझ्या माणसाकडे वळायचं. "येस" पटकन म्हटलं तर नजर टक होण्याआधीच तो वळतो. टक लागली की साखळी पुढे सरकली.

तीन ते पाच मिनिटं झाली की थांबा, कुत्रा अजून उत्साहात असतानाच. दिवसातून दोनदा पुरे. काही दिवसांनी एक सुंदर गोष्ट घडते. तुम्ही "येस" म्हणण्याआधीच तो मांजराकडे एक नजर टाकतो आणि आपणहून तुमच्याकडे वळतो. त्या वेळी एका तुकड्यावर थांबू नका, सहा-सात तुकडे एकामागोमाग द्या, मनापासून कौतुक करा. तुम्ही ज्याची वाट बघत होता ते हेच.

असं सलग तीन-चार दिवस झालं की अंतर कमी करा, अर्ध्या-एक मीटरने. पुन्हा टक लागायला लागली तर मागे जा. माझ्या कुत्रीच्या बाबतीत मी तिसऱ्या आठवड्यात घाई केली, तिला एकदम फाटकापाशी आणलं, आणि ती फाटकावर आदळली. मांजर दोन दिवस कपाटावरून खाली उतरलं नाही. पुढचे दहा दिवस मी सुरुवातीच्या अंतरावरच बसून काढले.

पाचवी पायरी: हलणारं मांजर

बसलेल्या मांजरासमोर शांत राहणारा कुत्रा धावत्या मांजरासमोर शांत राहीलच असं नाही. कुत्र्यासाठी ते दोन वेगळे प्राणी आहेत. धावणं हीच पाठलागाची कळ आहे, त्यामुळे हालचाल वेगळी शिकवावी लागते.

मांजराआधी वस्तूंपासून सुरुवात करा. हळू घरंगळणारा चेंडू, मग जोरात घरंगळणारा, मग दोरीला बांधून सरपटत नेलेलं फरचं खेळणं. प्रत्येक वेळी तोच खेळ: बघितलं, "येस", वळला, खाऊ. त्यानंतर चालणारं मांजर, मग खुर्चीवरून उडी मारणारं मांजर. हालचाल वाढवली की अंतर दुप्पट करा. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी अवघड करू नका.

सहावी पायरी: एकाच खोलीत

कुत्रा फिरून, हुंगून, दमून आलेला असावा. पट्टा लावलेला, पण सैल. ताणलेला पट्टा कुत्र्याला आणखी ताणतो. तो चटईवर, त्याला चघळायला काहीतरी. तुम्ही त्याच्याजवळ बसून चहा प्या, वाचा, पण लक्ष असू द्या. मांजराला बोलावू नका, उचलून आणू नका. ते येईल तेव्हा येईल, कदाचित पहिल्या चार वेळा येणारच नाही.

या काळात मांजराकडे कुत्र्याइतकंच बघा. मला स्वतःला जास्त काळजी मांजराचीच वाटते, कारण ते भुंकत नाही, ते फक्त आक्रसत जातं. चपटे कान, मोठ्या झालेल्या बाहुल्या, अंगाखाली गुंडाळलेली शेपूट म्हणजे भीती. जमिनीवर आपटणारी शेपूट म्हणजे चीड. कुत्रा ती आपल्या शेपटीसारखी समजून पुढे जाऊ शकतो. फिस्कारलं तर मांजराला रागावू नका, ते "लांब राहा" एवढंच सांगतंय. उभी शेपूट, अर्धवट मिटलेले डोळे, अंग चाटणं ही निवांतपणाची लक्षणं.

मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला विचारा. मांजरं काही दिवस उपाशी राहिली तर त्यांच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. बोका ट्रेवर वारंवार बसतोय पण लघवी होत नाही असं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

पट्टा कधी सोडायचा? काही आठवडे रोज दोघं एका खोलीत राहिले, मांजर धावलं तरी कुत्रा तुमच्याकडे वळला, आणि मांजर कुत्र्यासमोरून सरळ चालत जातंय, भिंतीला चिकटून नाही, तेव्हा. सोडायचा म्हणजे आधी हातातून सोडायचा. जमिनीवर लोळत राहू द्या, म्हणजे गरज पडली तर पाय ठेवता येतो.

पिल्लं असतील तर हे सगळं कितीतरी सोपं जातं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बरच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ मध्ये मांडलं की पिल्लाच्या ३ ते १२ आठवड्यांच्या वयात जे भेटतं ते त्याला आपलं वाटायला लागतं. मांजराच्या पिल्लांत हा काळ आणखी लवकर, साधारण २ ते ७ आठवड्यांचा असतो. मोठा कुत्राही शिकतो, फक्त त्याला महिने लागू शकतात. मांजराचं पिल्लू आणि मोठा कुत्रा ही जोडी मात्र सर्वात धोक्याची. खेळाखेळात मारलेला पंजाही त्या पिल्लाला पुरेसा असतो.

पाठलागाची भूक दुसरीकडे भागवा

ज्या कुत्र्याला धावायचं आहे त्याला धावू द्या, फक्त मांजरामागे नाही. लांब काठी, तिला दोरी, टोकाला खेळणं: यामागे पाच मिनिटं पळणं म्हणजे त्याची पूर्ण साखळी, हेरण्यापासून पकडण्यापर्यंत. शेवटी ते पकडू द्या आणि "सोड"चा सराव तिथेच करा. गवतात खाऊ विखरून नाकाने शोधायला लावणंही फार गुणकारी आहे. हुंगताना कुत्रा शांत होतो.

बाहेरची मांजरं

फिरताना भेटणारं मांजर अचानक भेटतं, त्यामुळे अंतर तुमच्या हातात नसतं. यासाठी वळण शिकवून ठेवा. "चल" म्हणायचं, उलट दिशेला आनंदाने चालू लागायचं, सोबत आला की खाऊ. आधी रिकाम्या रस्त्यावर शंभर वेळा, मग गरजेच्या वेळी. मोकळ्या जागी दहा मीटरचा लांब पट्टा वापरा, हातात हातमोजे घाला आणि तो बोटांभोवती कधीही गुंडाळू नका. बोलावल्यावर येणं पक्कं होईपर्यंत पट्टा काढायचा नाही.

हे करू नका

ओरडणं, फटका मारणं, विजेचा झटका देणारा गळपट्टा. हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. कुत्रा वेदनेची गाठ आपल्या धावण्याशी बांधेलच याची खात्री नसते. अनेकदा तो ती समोर दिसणाऱ्या मांजराशी बांधतो. मग जो आधी नुसता पळायचा तो चिडून चावायला जातो. मांजराला उचलून त्याच्या तोंडाशी धरू नका. "एक पंजा बसला की शिकेल" म्हणून दोघांना सोडून देऊ नका. काही कुत्रे त्या पंजाने आणखी पेटतात.

जमत नसेल तर

काही कुत्रे थरथरत, आवाज न करता, नजर न हलवता मांजराकडे बघत राहतात. खेळकर कुत्रा पुढचं अंग खाली करून, मागचं वर ठेवून उड्या मारतो. या कुत्र्यात तसं काही दिसत नाही. त्याने आधी लहान प्राणी मारले असतील तर घरी एकट्याने प्रयोग करू नका. बक्षिसाने शिकवणाऱ्या अनुभवी प्रशिक्षकाला आणि पशुवैद्याला सोबत घ्या. पेटीसारखा, जाळीचा मुसका त्याला आधीपासून खाऊ देत देत सवयीचा करा. त्यातून त्याला धापा टाकता आणि पाणी पिता आलं पाहिजे. काही जोड्यांसाठी कायमची बंद दारं हाच उपाय राहतो, आणि तसं अनेक घरांत दोघंही सुखाने जगतात. तेही शक्य नसेल तर मांजर नसलेलं चांगलं घर शोधून देणं हा त्या कुत्र्यावरच्या प्रेमाचाच भाग आहे.

आणि कधी पकड झालीच, तर मांजराच्या अंगावर जखम दिसो न दिसो, लगेच पशुवैद्याकडे न्या. कुत्र्याच्या दातांची बाहेरची खूण बारीक असते आणि आत फुप्फुसं, पोट, स्नायू फाटलेले असू शकतात. मांजराचा दात कुत्र्याला किंवा तुम्हाला लागला असेल तर तोही धुऊन त्याच दिवशी दाखवा. त्या बारीक भोकातून जंतू खोलवर जातात आणि एक-दोन दिवसांत तिथे पू होतो.